भाजीपाल्यावरची बुरशी आणि झाडपाल्याचे अर्क

भाजीपाल्याच्या रोगांत सर्वांत मोठा वाटा बुरशीजन्य रोगांचा असतो. टोमॅटोचा करपा, काकडी-दोडक्याच्या वेलींवरची भुरी आणि केवडा, मिरचीची फळसड, वाफ्यातली रोपे एका रात्रीत आडवी होणे, हे सगळे बुरशीचे किंवा बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचे काम. त्यांना आवर घालण्यासाठी पाल्याचा रस, बियांचा अर्क, तेल किंवा पेंड वापरण्याची रीत जुनी आहे. मात्र कोणती वनस्पती कोणत्या रोगावर चालते आणि अर्क कोठे अजिबात उपयोगी पडत नाही, हे ठरवायला रोगाची ओळख, अर्कातले रसायन आणि फवारणीची वेळ या तिन्ही गोष्टींचा मेळ पाहावा लागतो.

हा मेळ कसा पाहायचा याचे उदाहरण म्हणून चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातला सावली तालुका घेऊ. हा धानाचा मुलूख आहे. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. आसोलामेंढ्याचा तलाव, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि लहान बोड्या यांच्या पाण्यावर इथल्या धानाच्या बांध्या पिकतात. भाजीपाल्याच्या वाट्याला येते ती घरामागची वाडी, बांधीची पाळ, धान निघाल्यावर विहिरीजवळचा तुकडा आणि उन्हाळ्यात नदीच्या रेतीतली डांगरवाडी. पाऊस भरपूर पडतो, कन्हार आणि मोरांड जमिनीत ओल फार दिवस राहते आणि दिवाळीनंतर दवाने पाने सकाळी उशिरापर्यंत भिजलेली असतात. बहुतेक बुरशींच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर काही तास पाण्याचा थर लागतो. तो इथे आयता मिळतो. भुरी याला अपवाद आहे. तिला हवेतला दमटपणा पुरतो, म्हणून पाऊस संपून गेल्यावरही थंडीच्या दिवसांत भोपळा, काकडी, वाटाणा यांच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर चढतो.

याच भागात अर्कासाठी लागणारा कच्चा मालही आहे. कडुनिंब गावात आणि शेताच्या कडेला, करंज नाल्याकाठी, मोह, हिरडा, बेहडा जंगलात आणि निरगुडी, रुई, सीताफळ, घाणेरी, बेशरम जिथे तिथे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि जंगलभर पसरली; बेशरमाने तलावांचे काठ व्यापले आहेत. या दोन्हींचा पाला कितीही काढला तरी कोणाचे नुकसान नाही. हिरड्या-बेहड्याचे तसे नाही. ते गोळा करून विकण्यावर अनेक घरांची मिळकत अवलंबून आहे, त्यामुळे अर्कासाठी त्यांचा विचार करताना हा हिशेबही धरावा लागतो.

अर्काचा विचार करण्याआधी रोग खरोखर बुरशीचा आहे का, हे पाहणे आवश्यक असते. वांगी, टोमॅटो आणि मिरचीचे हिरवे झाड अचानक माना टाकते, तेव्हा त्याला सरसकट मर म्हटले जाते. पण मर बुरशीचीही असते आणि जिवाणूचीही. तिची परीक्षा घरच्या घरी करता येते. कोमेजू लागलेल्या झाडाचा जमिनीलगतचा खोडाचा तुकडा धारदार चाकूने कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणू. पाणी निवळ राहिले आणि खोड उभे चिरल्यावर आतल्या नळ्या तपकिरी दिसल्या, तर बुरशीचा संशय घ्यावा. मिरचीचा चुरडा-मुरडा तर बुरशीचा नाहीच. पाने आकसतात ती फुलकिडे, कोळी किंवा विषाणू यांच्यामुळे. त्यावर बुरशीसाठी केलेली फवारणी, मग ती रासायनिक असो वा झाडपाल्याची, वाया जाते. शंका असेल तेव्हा रोगट झाडाचा ताजा नमुना सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे.

झाडांच्या अंगी बुरशीला रोखणारी द्रव्ये असण्यामागे कारण आहे. झाड जागचे हलू शकत नाही, त्यामुळे शत्रूला तोंड देण्याची त्याची सगळी भिस्त रसायनांवर असते. ही द्रव्ये निरनिराळ्या प्रकारे काम करतात. हिरडा, बेहडा आणि बाभळीच्या सालीतली टॅनिने प्रथिनांना चिकटतात आणि बुरशीची पाचके निकामी करतात. तुळशीतले युजेनॉल आणि ओव्यातले थायमॉल ही सुगंधी द्रव्ये बुरशीच्या पेशीचे पातळ आवरण सैल करतात आणि आतला रस बाहेर झिरपतो. मोहाच्या पेंडीतली सॅपोनिने त्याच आवरणातल्या अर्गोस्टेरॉलसारख्या स्निग्ध घटकाला धरतात. केवडा, टोमॅटोचा उशिरा येणारा करपा आणि रोपे कोलमडवणारा पिथियम हे जीव मात्र शास्त्राच्या दृष्टीने खरी बुरशी नाहीत. त्यांची पेशीभित्तिका वेगळ्या घडणीची आहे आणि अर्गोस्टेरॉल ते स्वतः बनवत नाहीत. भुरीवर चाललेला अर्क केवड्यावर चालत नाही, त्यामागे हा फरक मोठे कारण आहे.

लसणाची गोष्ट आणखी वेगळी. अखंड पाकळीत बुरशी मारणारे द्रव्य तयार स्थितीत नसतेच. पाकळीत अ‍ॅलिन हे द्रव्य एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज हे पाचक दुसऱ्या कप्प्यात असते. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन बनते. ठेचलेल्या लसणाचा तो उग्र वास त्याचाच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते प्रथम वेगळे काढले. अ‍ॅलिसिन बुरशीच्या अनेक पाचकांवर एकाच वेळी घाव घालते, पण फार काळ टिकत नाही आणि उकळल्यावर नष्ट होते. म्हणून लसणाचा अर्क ठेचून, थंड पाण्यात, त्याच दिवशी वापरायचा असतो. लसूण उकळून केलेला काढा किंवा महिनाभर ठेवलेले लसणाचे पाणी बुरशीसाठी फारसे कामाचे राहत नाही. टॅनिनांचे याच्या उलट: ती गरम पाण्यात चांगली उतरतात आणि उकळीने बिघडत नाहीत. हिरड्याचा काढा करायचा आणि लसूण ठेचायचा, ही पारंपरिक रीत रसायनशास्त्रालाही पटणारी आहे.

शेतकऱ्यांच्या सर्वाधिक परिचयाचा आहे तो पाच टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून गळतात. त्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवतात आणि हवा खेळेल अशा पोत्यात किंवा टोपलीत ठेवतात. ओलसर बिया प्लास्टिकच्या थैलीत बांधल्या तर त्यांच्यावरच बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारीही असू शकते, त्यामुळे काळ्या-हिरव्या पडलेल्या बिया फेकून द्याव्यात. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी पाच किलो बिया भरड कुटून दहा लिटर पाण्यात भिजत घालतात. सकाळी फडक्यातून पिळून घेतले की दुधासारखा पांढरट द्रव मिळतो. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात कालवून पिळतात. २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळतात आणि सगळे मिळून १०० लिटर करतात. साबणाशिवाय हा द्रव मिरचीच्या किंवा कोबीच्या गुळगुळीत पानावरून थेंब होऊन ओघळून जातो.

हा अर्क मुख्यत्वे किडींसाठी आहे, हे मात्र नीट लक्षात घ्यायला हवे. त्यातले अ‍ॅझाडिरेक्टिन किडीची भूक आणि वाढ रोखते. बुरशीवर त्याचा परिणाम मर्यादित असतो. बुरशीसाठी कडुनिंबाचे तेल अधिक उपयोगी, आणि तेही विशेषतः भुरीवर. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठावरच पसरते आणि आत फक्त शोषक मुळ्या घालते, त्यामुळे तेलाचा पातळ थर तिला थेट गाठतो. लिटरभर पाण्याला पाच मिलिलिटर तेल हे प्रमाण वापरतात. तेल आधी साबणाच्या थोड्या कोमट पाण्यात घुसळून पांढरे करायचे आणि मग उरलेले पाणी घालायचे. तेलाचा तवंग वर दिसत असेल तर फवारू नये. तसा थेंब पानावर जिथे बसेल तिथे पान भाजते.

कडुनिंब तेलाच्या याच गुणावर युरोपात दहा वर्षे वाद चालला. अमेरिकेतील डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये वनस्पतींवरील बुरशी कडुनिंबाच्या अर्काने रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती संघटनांचा जागतिक महासंघ यांनी त्याला हरकत घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे, एवढे सांगून पेटंट कार्यालयात भागत नाही. कोणी, कधी, कोठे, कसे वापरले याचा पुरावा लागतो. तो महाराष्ट्रातून आला. उद्योजक अभय फडके यांनी पेटंटच्या अर्जाआधी, १९८५-८६ मध्ये, पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर अशा अर्काचा वापर झाल्याची साक्ष दिली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. या प्रकरणाचे मोल केवळ विजयात नाही. महाराष्ट्रातल्या शेतात करून पाहिलेल्या आणि तारखेनिशी सांगता आलेल्या एका प्रयोगाने जगातल्या एका बलाढ्य कंपनीचा दावा पाडला, हे त्यातले खरे महत्त्वाचे.

अर्काची बुरशीनाशक शक्ती प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत साधी आहे. बटाट्याचा काढा, डेक्स्ट्रोज साखर आणि अगर यांच्या गोठलेल्या खाद्यात अर्क ठरावीक प्रमाणात मिसळतात, ते नऊ सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या तबकडीत ओततात आणि मधोमध बुरशीची पाच मिलिमीटरची चकती ठेवतात. शेजारी अर्क न घातलेली तबकडी असते. आठवडाभरात बुरशीने साधी तबकडी काठापर्यंत, म्हणजे ९० मिलिमीटर भरून टाकली आणि अर्काच्या तबकडीत ती समजा ३६ मिलिमीटरवर थांबली, तर वाढ ६० टक्के रोखली गेली असे म्हणतात. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत असे प्रयोग वर्षानुवर्षे होत आले आहेत. लसूण, कडुनिंब, तुळस, निरगुडी, आले, हळद यांचे अर्क त्यांत नेहमी तपासले जातात आणि लसूण बहुधा वरच्या क्रमांकात असतो.

पण तबकडीतले ६० टक्के म्हणजे शेतातले ६० टक्के नव्हेत. तबकडीत ऊन नसते, पाऊस नसतो आणि बुरशीला अर्क टाळून जाण्याची वाट नसते. शेतात अ‍ॅझाडिरेक्टिनसारखी द्रव्ये उन्हातल्या अतिनील किरणांनी काही दिवसांत मोडतात आणि एक जोरदार सर पानावरचे सारे धुऊन नेते. शिवाय प्रयोगशाळेत दहा टक्क्यांचा अर्क सहज वापरता येतो. एकराला २०० लिटर पाणी धरले तर त्यासाठी प्रत्येक फवारणीला २० किलो पाला लागेल. पाल्याची ताकदही सारखी नसते: झाडाचे वय, महिना, जमीन आणि वाळवण्याची पद्धत यांप्रमाणे ती बदलते. कागदावरची उत्तम टक्केवारी शेतात निम्मीही उतरत नाही, यात अर्काचा किंवा शेतकऱ्याचा दोष शोधण्याचे कारण नाही.

यातून अर्काची जागा ठरते, आणि ती रोग येण्याच्या आधीची आहे. अर्क पानाच्या आत शिरून पसरत नाही. बीजाणू रुजण्यापूर्वी तो पानावर असेल तर उपयोग. डाग पडला म्हणजे बुरशी आत गेली, आणि तिथे तो पोचत नाही. टोमॅटोच्या लवकर येणाऱ्या करप्याचे डाग आधी जमिनीलगतच्या जुन्या पानांवर दिसतात. जवळून पाहिले तर त्या तपकिरी डागात एकात एक वर्तुळे असतात. अशी पहिली दोन-चार पाने दिसताच ती तोडून शेताबाहेर नेऊन जाळावीत, झाडाला काठीचा आधार द्यावा म्हणजे खालची पाने मातीला टेकणार नाहीत, आणि मग आठवड्याच्या अंतराने अर्क फवारावा. अर्धे झाड करपल्यावर कितीही कडू अर्क फवारला तरी ते झाड सावरत नाही.

मिरचीच्या फळसडीची बुरशी बियांतूनही येते. भारतात ती १९१३ मध्ये कोइम्बतूरच्या मिरचीवर प्रथम नोंदवली गेली. पिकलेल्या लाल मिरचीवर खोलगट डाग पडतो, त्यात काळे ठिपके वर्तुळात उठतात. तीच बुरशी फांद्या शेंड्याकडून वाळवते. इथे फवारणीपेक्षा बी महत्त्वाचे: डागी फळातले बी राखूनच ठेवू नये. विकतच्या औषधाला पर्याय म्हणून ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया अर्कापेक्षा जास्त भरवशाची आहे. मात्र ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, त्यामुळे ती लावलेल्या बियांना लगेच लसणाचा तीव्र अर्क लावणे चुकीचे ठरते.

रोपे कोलमडण्यावर उपाय वाफ्यात आहे. सपाट, पाणी साचणाऱ्या वाफ्यात दाट पेरलेली मिरची कोणताही अर्क वाचवू शकत नाही. गादीवाफा, विरळ पेरणी, बेताचे पाणी आणि मातीत मिसळलेली निंबोळी पेंड यांनी निम्म्याहून अधिक काम होते. पेंड कुजताना मातीतले उपकारक जीव वाढतात आणि रोगकारक बुरशीला जागा उरत नाही. मोहरी आणि कोबीवर्गातल्या पिकांचा पाला मातीत गाडला तर कुजताना त्यातून आयसोथायोसायनेट ही उग्र द्रव्ये सुटतात, तीही जमिनीतल्या बुरशीला मारक आहेत. मोहाची पेंड मात्र जपून वापरायला हवी. तिच्यातली सॅपोनिने माशांना घातक असतात; मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी एक मीटर खोलीच्या पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात, ती याच गुणामुळे. ज्या गावात वाडीचे पाणी थेट तलावात उतरते आणि त्या तलावातल्या मासोळीवर ढिवर कुटुंबांची उपजीविका चालते, तिथे ही पेंड उताराच्या शेतात टाकू नये.

बाजारात आणि बैठकांत सर्व रोगांचे औषध म्हणून दशपर्णी अर्काचे नाव घेतले जाते. कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी, रुई, घाणेरी, एरंड, पपई, गुळवेल, कण्हेर यांचा पाला, शेण, गोमूत्र, मिरची आणि लसूण यांसह महिनाभर आंबवून तो करतात. किडी पळवायला तो उपयोगी पडतो. बुरशीसाठी मात्र दहा पाल्यांचे मिश्रण एका योग्य पाल्यापेक्षा दसपट चांगले ठरत नाही. आंबवताना अ‍ॅलिसिनसारखी नाजूक द्रव्ये आधीच नाहीशी झालेली असतात. एकेक रोगाला एकेक अर्क जुळवणे कष्टाचे असले तरी योग्य तेच आहे.

झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोक, ही समजूतही सोडून द्यावी. कण्हेरीतली द्रव्ये हृदयावर परिणाम करतात, धोतऱ्याने भ्रम होतो. पालक, सांभार (कोथिंबीर), मेथी यांसारख्या थेट पाने खाण्याच्या भाज्यांवर अशा विषारी पाल्याचे अर्क फवारूच नयेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या काकडी-टोमॅटोवर शेण-गोमूत्राचे मिश्रण तोडणीच्या तोंडावर मारले तर पोटाचे आजार पसरू शकतात. तंबाखूचा काढा तर दुहेरी धोक्याचा: निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते, आणि तंबाखूच्या पानातून येणारा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोला लागतो. तंबाखूचा खर्रा घोटलेल्या हातांनी रोपे लावली तरी तो पसरू शकतो; लावणीपूर्वी साबणाने हात धुणे हा साधा उपाय आहे. अर्क फवारतानाही तोंडाला फडके आणि अंगभर कपडे हवेतच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते कीटकनाशकांमुळे. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारण्याची सवय सगळीकडे सारखीच आहे.

रासायनिक बुरशीनाशकांपुढे अर्कांची एक बाजू निश्चित जड आहे. कार्बेन्डाझिमसारखे औषध बुरशीच्या एकाच प्रथिनावर काम करते, त्यामुळे त्या प्रथिनात लहानसा बदल झालेली बुरशी तगते आणि तिचीच पिलावळ शेतभर होते. अर्कात अनेक द्रव्ये असतात आणि ती अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून अशी दाद न देणारी बुरशी तयार होणे अवघड जाते. अर्क आणि औषध आलटून पालटून वापरले तर औषधाच्या फवारण्या कमी होतात आणि त्याची धारही टिकते. गंधकाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी तेलाची फवारणी टाळावी, कारण दोन्ही मिळून पाने जळतात. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतासाठी अर्क करणे वेगळे आणि बाटलीत भरून पीकसंरक्षक म्हणून विकणे वेगळे; विक्रीसाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते.

अर्काचा उपयोग झाला की नाही, हे ठरवायला शेतातच तुलना ठेवावी लागते. टोमॅटोच्या शेतात काही ओळींवर अर्क, काही ओळींवर नुसते साबणाचे पाणी आणि काही ओळी तशाच. या ओळी शेताच्या एकाच बाजूला नकोत. ओल आणि सावली सगळीकडे सारखी नसते, म्हणून त्या आलटून पालटून पसराव्यात. दर आठवड्याला प्रत्येक ओळीतल्या ठरलेल्या झाडांची डाग पडलेली पाने मोजावीत, पावसाचे दिवस टिपून ठेवावेत आणि शेवटी विक्रीजोगी फळे वेगळी तोलावीत. कोरड्या वर्षी करपा मुळातच कमी पडतो आणि श्रेय फुकट अर्काला जाते, म्हणून एका पावसाळी आणि एका कोरड्या हंगामाची नोंद जवळ असल्याखेरीज त्या अर्काबद्दल पक्के मत बनवू नये.